सातवा रकाना

१

रजिस्टर गुरुवारी गेलं. भर दुपारी, डबे खायच्या वेळेत, ऑफिसात चौदा माणसं असताना. आणि शुक्रवारी सकाळी दहाला कमलताई शिंत्रे इंदूरच्या लालबागच्या मागच्या त्या जुन्या बंगल्याच्या पायऱ्या गुडघ्यावर हात ठेवून एकेक करत चढत होत्या.

त्यांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले होते. नवरा अभिरामराव, शाळेतून रिटायर झालेले, रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर आकडा सांगत. आज चहा थोडा कडक होता आणि आकडा एकोणीस होता. वीज खात्याच्या दक्षता विभागात तेहतीस वर्षं घासलेल्या बाईला शेवटच्या महिन्यात नवी चौकशी देत नाहीत, असा एक दस्तूर आहे. पण दस्तूर पाळायला वर जुना माणूस लागतो. वरचा साहेब नवा होता, आणि नव्या साहेबाला सगळ्यात सोयीचा माणूस म्हणजे ज्याला आता कुठेच जायचं नाही तो.

बंगला कधीकाळी संस्थानच्या पाहुण्यांसाठी बांधलेला. आता त्यात 'ऊर्जा नियोजन कक्ष' भरतो. देशाचा पुढच्या दहा वर्षांचा विजेचा आराखडा दिल्लीत शिजत होता. कुठे किती वीज लागेल, कुठे नव्या लाइनी टाकायच्या, कोणाला दिवसा द्यायची आणि कोणाला रात्री. त्यातला माळव्याचा भाग इथून जायचा होता. सोमवारी अकरा वाजता दिल्लीची समिती येणार. असे तीन आराखडे कमलताईंनी नोकरीत येताना आणि जाताना पाहिले होते. तिन्हींच्या जिल्दी सुरेख होत्या.

कक्षाचे प्रमुख यशवर्धन बुळे यांनी त्यांना एसीत बसवलं, पाणी दिलं आणि प्रकरण पाच मिनिटांत उरकलं. बडवाईखेडी नावाच्या सबस्टेशनचं हातानं लिहिलेलं रजिस्टर, चार वर्षांचं. श्रेया नावाच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलीनं सर्व्हेसाठी मागवून आणलं, बुधवारी स्वतःच्या सहीनं रेकॉर्ड रूममध्ये जमा केलं, गुरुवारी ते गायब. सही तिची, तेव्हा जबाबदारी तिची.

"सोमवारी अकरापर्यंत मिळालं तर ठीक, मॅडम. नाही तर पोलिसात रिपोर्ट आणि कॉन्ट्रॅक्ट खतम. हम भी क्या करें, नियम आहे." मग आवाज जरा मऊ करून ते म्हणाले, की कमलताईंचे पेन्शनचे कागद वर कुठे अडकणार नाहीत हे ते जातीनं बघतील. कमलताईंनी मान हलवली. अशी मऊ वाक्यं त्यांनी इतकी ऐकली होती की आता रागही येत नसे.

रेकॉर्ड रूम दाखवायला रेकॉर्ड कीपरला बोलावलं गेलं. दार उघडून एक उंच, वाकलेला माणूस आत आला. कमलताईंच्या हातातला ग्लास टेबलावर जरा जोरात टेकला.

कृष्णराव फणसे. अठरा वर्षं त्यांनी हा माणूस पाहिला नव्हता, आणि इंदूर केवढंही वाढलं तरी तो कुठे तरी आहे, हे त्या एक दिवसही विसरल्या नव्हत्या.

२

कृष्णरावांनी ओळख दाखवली नाही, टाळलीही नाही. पुढे चालू लागले. त्यांच्या दोन्ही तळहातांची कातडी गुळगुळीत, गुलाबी आणि ताणलेली होती, आणि सदऱ्याचा खिसा चष्म्याच्या घरानं का कशानं खाली ओढला गेला होता.

रेकॉर्ड रूम मागच्या बाजूला, बिनखिडकीची. दाराला अंगठा लावायचं मशीन, आणि वर चुंबकाचं कुलूप. वीज असेपर्यंत चुंबक दार धरून ठेवतो. अंगठा ओळखला तर सोडतो. वीज गेली की चुंबकही गेला, दार ढकललं की उघडं. अशा वेळी उपयोगी पडायला एक बॅटरी लागते. ती टेंडरात होती, भिंतीवर नव्हती.

गुरुवारी सव्वा ते पावणेदोनच्या दरम्यान एकाही अंगठ्याची नोंद नव्हती, आणि नेमक्या त्याच वेळी फक्त ह्या एका खोलीची वीज गेली होती. चौकीदार भागीरथनं पावणेदोनला पाहिलं तेव्हा खोलीत अंधार, दार सताड. तेव्हापासून दाराला साखळी आणि साधं कुलूप लावून ठेवलं होतं. आत अजून अंधारच होता. कमलताईंनी मोबाइलचा उजेड पाडला.

रजिस्टरची जागा तिसऱ्या रॅकवर. लाल फडक्यात बांधलेले बस्ते एकाला एक लागून उभे होते. त्यांनी तिथे दोनदा उजेड फिरवला. चार बोटं जाडीचं रजिस्टर काढलं तर तिथे चार बोटांची फट राहायला हवी, ती नव्हती. उरलेली रजिस्टरं सरकवून नीट टेकवली होती, फडक्याची गाठ पुन्हा मारली होती.

"हे कोणी लावलं? तुम्ही?"

"कल से कोई आत आलंच नाही, मॅडम," भागीरथ म्हणाला. "किल्ली माझ्या जवळ."

मग त्यांनी बोर्ड पाहिला. बंगला जुना, त्यामुळे ह्या खोलीचा बोर्डही जुनाच. दाराबाहेर, लाकडी, वर मोठा स्विच आणि खाली फ्यूजची खोबण. चिनी मातीची, पांढरी, बोटभर रुंदीची गिट्टी असते, वायरमन लोक तिला किटकॅट म्हणतात. तिच्यात बारीक तार बांधून ती खोबणीत दाबायची. स्विच चालूच होता.

भागीरथ सांगत होता की असली जुनी गिट्टी आता बाजारात मिळत नाही, म्हणून दोन दिवस अंधार. कमलताई वाकल्या. तार जळली असती तर काळा डाग पडला असता. डाग नव्हता. खोबण नुसती रिकामी होती. तिच्यातली गिट्टी कोणी तरी काढून नेली होती.

ज्याला अंधार हवा, तो स्विच बंद करेल आणि जाईल. गिट्टी नेऊन करायचं काय?

३

श्रेया बाहेरच्या ओसरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या टेबलावर कालपासून तिला बसू देत नव्हते. सत्तावीसची असेल. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

"मी सच में नाही घेतलं, मॅडम. मला तर त्याचाच उपयोग होता. माझा पूरा चॅप्टर त्याच्यावर उभा आहे."

मग तिनं समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं. कंप्यूटरमध्ये बडवाईखेडीच्या शेतीच्या लाइनीला रोज दहा तास वीज दिलेली दिसते. खरं म्हणजे मिळते सहा तास, आणि तीही बहुतेक रात्रीची. सबस्टेशनचा ऑपरेटर, विष्णू नावाचा, कंप्यूटरमध्ये सांगितलेला आकडा भरायचा आणि रजिस्टरात खरा लिहायचा. दिल्लीचा आराखडा कंप्यूटर वाचतो. तिथे दहा तास भरलेले, मागणी भागलेली. म्हणजे पुढली दहा वर्षं तिकडे एक तारही नवी टाकायची गरज नाही. चाळीस गावांनी पुढली दहा वर्षं मध्यरात्री उठून थंडीत, साप-विंचवात मोटर सुरू करायला जायचं. हे एक रजिस्टर टेबलावर ठेवलं असतं तर दिवसाच्या विजेचं पान आराखड्यात गेलं असतं.

पानांचे फोटो तिच्याकडे होते. पण कक्षाच्या सल्लागारांनी आधीच सांगून ठेवलं होतं, फोटो तर कोणीही बनवतो, ओरिजिनल दाखवा.

कमलताईंनी विचारलं, रजिस्टरात रकाने किती. सात, ती म्हणाली. तारीख, लाइन, सुरू, बंद, भार, एकूण तास.

"हे सहा झाले. सातवा?"

"शेरे वगैरे असतील मॅडम. हातानं काही तरी लिहिलेलं. मी आकड्यांपुरतंच घेतलं, फोटोही तेवढ्याचेच काढले." तिला थोडं ओशाळल्यासारखं झालं. "वहाँ तो कोई देखता नहीं."

अंगठ्याचं विचारलं तर म्हणाली, की तिचा, बुळे साहेबांचा आणि कृष्णरावकाकांचा, असे तीन अंगठे मशीनमध्ये आहेत. पण काकांचा मशीन घेतच नाही. रोज तीच दार उघडून देते, आणि ते रोज तिला डब्यातली पोळी देतात. हे सांगताना तिला रडू आलं. आईवडील महूला, धाकटा भाऊ कॉलेजात, आणि नावावर एकदा चोरीचा रिपोर्ट लागला की कोण देतं नोकरी. कमलताईंनी तिला पाण्याची बाटली दिली. दुसरं काय देणार होत्या?

हे सल्लागार म्हणजे शंतनु मुळ्ये, दिल्लीहून आलेला. आईच्या तोंडचं तेवढं मराठी, बाकी सगळं इंग्रजी. रजिस्टर गेल्याचं त्याला दुःख नव्हतं, आणि तो ते लपवतही नव्हता. त्याचं गणित दहा तासांवर बसलेलं होतं. सहा तास आले असते तर तीन महिन्यांचं काम पुन्हा. शिवाय गुरुवारी दीडच्या सुमाराला तो मागच्या बाजूला दिसला होता. का, तर तिथे मोबाइलला रेंज चांगली येते. कमलताईंनी त्याला फ्यूज कुठे असतो ते विचारलं. त्यानं बिनदिक्कत छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं. दहा वर्षांची देशाची वीज हे पोरगं मोजत होतं. त्यांना हसू आलं.

बुळे साहेब गुरुवारी एक ते दोन स्वतःच्या खोलीत एकटे होते. साक्षीला कोणी नाही. मुख्य म्हणजे त्यांची गाडी फाटकावर कोणी तपासत नाही. बाकी सगळ्यांच्या पिशव्या भागीरथ उघडून बघतो. मागच्या वर्षी तांब्याची तार चोरीला गेल्यापासून तसा हुकूमच आहे. निघता निघता कमलताईंनी सहज विचारलं, ह्या कक्षात यायच्या आधी साहेब कुठे होते.

"फील्डमध्ये. बडवाईखेडी सर्कलचाच चार्ज होता माझ्याकडे, तीन वर्षं," ते म्हणाले, आणि म्हणाल्यावर त्यांनी समोरचा कागद उगीच सरळ केला.

४

आता राहिले कृष्णराव. कमलताईंनी त्यांना सगळ्यात शेवटी बोलावलं, ते मुद्दामच. कोणी विचारलं असतं तर त्या कबूल झाल्या नसत्या.

ते उभेच राहिले. गुरुवारी कुठे होता? मागच्या ओट्यावर, जेवत. कोणी पाहिलं? नाही, एकटाच. वीज गेल्याचं कधी कळलं? भागीरथनं हाक मारली तेव्हा. तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि पुढचा प्रश्न कमलताईंना सुचेना. अठरा वर्षांपूर्वीही अशीच खुर्ची होती, असंच टेबल होतं, हाच माणूस हाताला बँडेज बांधून समोर उभा होता.

"ती पोरगी काल जेवली नाही," कृष्णराव आपणहून म्हणाले. "तिला घरी तरी पाठवा, बाई."

त्यांनी 'मॅडम' म्हटलं नव्हतं. तेव्हाही नव्हतं म्हटलं.

संध्याकाळी कमलताई अन्नपूर्णा मंदिरापाशी उतरून घराकडे चालत निघाल्या. डोक्यात बुळे घोळत होते. सगळं त्यांच्याकडेच बोट दाखवत होतं: सर्कल त्यांचं, खोटे आकडे त्यांच्या काळातले, गाडी बिनतपासणीची. आणि बुळ्यांना गाठणं म्हणजे पेन्शनच्या कागदांना रामराम. सोमवारी श्रेयाचं नाव लिहून मोकळं व्हावं, सही तिची आहे, नियमात बसतं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. आला, हे खोटं कशाला सांगा. थकलेल्या माणसाला सोपी वाट लवकर दिसते.

पण एक गोष्ट बसत नव्हती. बुळ्यांनी नेलं असतं तर उरलेले बस्ते नीट लावून, फडक्याची गाठ मारून ते निघाले असते का? साहेब लोक स्वतःच्या टेबलावरचा कप उचलत नाहीत.

भाजीवाल्यांच्या रांगेपुढे एक लाइनमन खांबावर चढला होता. खाली ट्रान्स्फॉर्मरच्या डब्याचं झाकण उघडं होतं आणि एक दुकानदार खालून कटकट करत होता, अरे भिया, और कितनी देर, फ्रिजमधलं दूध नासतंय. लाइनमन वरूनच म्हणाला, काका, ओरडा किती पण, मी खाली उतरल्याशिवाय लाइट येत नाही. आणि हसून त्यानं छातीवर थाप मारली. त्याच्या शर्टाचा खिसा जड होऊन खाली ओढला गेला होता. खिशातून पांढऱ्या चिनी मातीचं टोक बाहेर आलं होतं.

कमलताई भर रस्त्यात उभ्या राहिल्या. मागून येणारा स्कूटरवाला काही तरी बोलून गेला.

स्विचवर भरवसा ठेवायचा नाही. स्विच कोणीही येऊन चालू करू शकतो. म्हणून लाइनवरचा माणूस फ्यूजच काढतो आणि खिशात घालतो; काम संपून तो स्वतः परत लावेपर्यंत जगातला कुठलाही साहेब वीज सुरू करू शकत नाही. आपण आत असताना कोणी वीज सुरू केली आणि दार बंद झालं तर, ह्या भीतीनं ज्यानं खोबण रिकामी केली, तो लाइनवरचा माणूस होता. आणि हे असं करायला त्याला शिकवणारा कागद कुणी लिहिला होता, तेही कमलताईंना पक्कं माहीत होतं.

अभिरामरावांनी रात्री विचारलं, जेवत का नाहीस. त्यांनी सांगितलं, पित्त झालंय.

५

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. साडेबारापर्यंत सगळे गेले. कमलताईंनी भागीरथकडून किल्ली घेतली, त्याला फाटकावर बसवलं आणि मोबाइलचा उजेड घेऊन एकट्या रेकॉर्ड रूममध्ये शिरल्या.

पिशव्या तपासल्या जातात. कृष्णराव बसनं जातात, कापडी पिशवी घेऊन. एवढं मोठं रजिस्टर त्यांना फाटकाबाहेर नेता आलं नसतं. म्हणजे ते इथेच होतं. फायलींच्या खोलीत कागद लपवायला सगळ्यात बरी जागा कोणती? जी फाइल कोणी उघडत नाही ती. आणि ह्या खोलीत अशी फाइल कोणती, हे दोनच माणसांना ठाऊक होतं.

अपघाताच्या चौकश्या सगळ्यात खालच्या रॅकवर होत्या, सालवार. गुडघे दुखत होते म्हणून त्या सरळ फरशीवर बसल्या. अठरा वर्षांपूर्वीचा बस्ता सापडला. गाठ नवी होती. फडकं सोडलं, आणि जुन्या पिवळ्या फाइलीच्या पोटात, हिरव्या कापडी बांधणीचं, बडवाईखेडीचं रजिस्टर.

त्यांनी ते लगेच उचललं नाही. आधी फाइलीतलं शेवटचं पान काढलं. स्वतःचंच अक्षर, तेव्हाचं, ठसठशीत. 'हेल्पर बद्रीलाल याच्या मृत्यूस लाइनमन कृष्णराव फणसे यांचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे. त्यांनी स्थानिक फ्यूज काढून स्वतःच्या ताब्यात ठेवला नाही.' खाली सही, क. शिंत्रे.

"सापडलं?" दारातून आवाज आला. कृष्णराव घरी गेलेच नव्हते.

कमलताईंनी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. त्यांनीही लपवलं नाही.

"सबस्टेशननं लाइन बंद केली होती, कामाचा परवाना हातात होता, म्हणून मी बद्रीला चढवला," ते म्हणाले. जणू कालचीच गोष्ट सांगत होते. "फ्यूज काढायचा राहिला, हे खरं. ते मी कधी नाकारलं नाही. पण लाइन मुदतीआधी सुरू का झाली, बाई? कोणाच्या फोनवर? तेही सबस्टेशनच्या रजिस्टरात होतं. सातव्या रकान्यात. वेळ, नाव, सगळं."

"मी पाहिलं होतं," कमलताई म्हणाल्या.

एवढं वाक्य बोलायला त्यांना अठरा वर्षं लागली. वरच्या साहेबानं त्यांना तेव्हा सांगितलं होतं, की फोन कोणाचा ह्यात जाऊ नका, चूक जागेवर कोणाची ते लिहा. त्यांची मुलगी तेव्हा चौथीत होती, बदलीची धमकी होती. त्यांनी जागेवरच्या माणसाची चूक लिहिली. ती खोटी नव्हती. फक्त अर्धी होती.

कृष्णराव दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि त्यात चोराचं काही नव्हतं. बडवाईखेडीचा ऑपरेटर विष्णू म्हणजे त्या बद्रीलालचा मुलगा. बापाच्या जागी नोकरीला लागलेला. रजिस्टर समितीपुढे गेलं की पहिला प्रश्न येणार, कंप्यूटरमध्ये खोटं कोणी भरलं? विष्णूनं. त्याच्या हातानं, त्याच्या पासवर्डनं. सांगणारे सांगून मोकळे होतात. बापाला वर चढवलं ते ह्या हातांनी, खाली ओढायला गेलो तर हात गेले, आता मुलाची नोकरी जाताना बघत बसू? अंगठा मशीन घेत नाही, म्हणून वीज घालवली.

"आणि श्रेया?"

ह्या प्रश्नावर म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, माझंच नाव येईल. रेकॉर्ड कीपर मी. दरवेळी खालच्याचंच येतं ना. पोरीनं सही करून जमा केलंय हे मला माहीतच नव्हतं. सोमवारी दहाला, रजिस्टर शोधायला वेळ उरणार नाही तेव्हा, मी साहेबांकडे जाणारच होतो. खिशातलं हे घेऊनच जाणार होतो."

कमलताईंना तो खोटं बोलत नाही हे कळलं. चाळीस गावं, एक पोरगी, एक ऑपरेटर, आणि हा म्हातारा. सगळे एकाच रजिस्टराखाली सापडलेले. फोनवरून सांगणारे मात्र दोन्ही वेळा एसीत.

त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि उघडलं. सहा रकाने आकड्यांचे. सातव्यावर विष्णूनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'कोणाच्या सांगण्यावरून'.

६

पानामागून पान त्यांनी उजेड धरला. विष्णू आपल्या बापाच्या मरणातून एक गोष्ट शिकला होता. रोजची नोंद होती. शेतीची लाइन बंद केली, इतके वाजता, अमक्याचा फोन. कंप्यूटरमध्ये दहा भरायला सांगितले, इतके वाजता, तमक्याचा फोन. पहिली तीन वर्षं बहुतेक ठिकाणी एकच नाव होतं, यशवर्धन बुळे. पोरानं हुकूम पाळला होता आणि हुकूम देणाऱ्याचं नाव जपून ठेवलं होतं.

"हे तुम्ही वाचलं नाहीत, कृष्णराव?"

"वाचलं," ते म्हणाले. "पण तो रकाना कोण वाचतं, बाई? तेव्हाही होताच की."

कमलताईंनी पर्समधून कोरे कागद काढले, फाइलीचा पुठ्ठा मांडीवर घेतला आणि लिहायला सुरुवात केली. पहिलं कलम सोपं होतं: रजिस्टर रेकॉर्ड रूममधून बाहेर गेलेलं नाही, ते तिथेच दुसऱ्या बस्त्यात मिळालं, श्रेया यांच्यावर कसलाही ठपका नाही. ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. वीज कशी गेली, हे कोणी विचारलं तर बघू. जुना बोर्ड आहे, गिट्टी आता लावलीच आहे, असं सांगता येईल. एकोणीस दिवसांत, नाही, अठरा, कोण विचारायला येतंय.

मग त्यांनी कृष्णरावांना रजिस्टर दिलं आणि म्हटलं, सातवा रकाना वाचा, मी उतरवून घेते. मोबाइलच्या उजेडात म्हातारा वाचू लागला. तारीख, वेळ, नाव. दोन तास गेले. समितीला जाणाऱ्या प्रतीत पहिल्यांदा असं लिहिलं गेलं, की आकडे भरणाऱ्यानं भरले आणि सांगणाऱ्यानं सांगितले, आणि सांगणारा अमुक. पेन्शनच्या कागदांचं काय होईल ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. अभिरामरावांना सोमवारी चहाबरोबर आकडा सांगायला नको, एवढं सांगून ठेवावं लागेल.

शेवटचं कलम त्यांनी नव्या कागदावर लिहिलं. 'अठरा वर्षांपूर्वीच्या हेल्पर बद्रीलाल यांच्या मृत्यूच्या चौकशीत मी सबस्टेशनच्या रजिस्टराचा सातवा रकाना पाहिला होता आणि अहवालात घेतला नाही. तो अहवाल अपुरा आहे. तो पुन्हा उघडावा.'

कृष्णरावांनी ते कलम वाचलं. डोळे पुसायला त्यांनी तळहात वापरला नाही, मनगट वापरलं. त्या कातडीला ओलं लागलं की झोंबतं.

"आता द्या ते," कमलताईंनी हात पुढे केला. "दिवा तरी लावू."

म्हाताऱ्यानं खिशावर हात ठेवला. "सही राहिलीय, बाई," ते म्हणाले. "काम पुरं झाल्याशिवाय हे खिशातून काढायचं नसतं. तुमच्याच कागदात आहे."

कमलताईंनी पूर्ण नाव लिहून सही केली, खाली तारीख घातली. कृष्णराव उठले, दाराबाहेर गेले आणि बोर्डापाशी उभं राहून त्यांना म्हणाले की जरा दारापासून लांब व्हा, चुंबक जोरात धरतो. मग त्यांनी गिट्टी खोबणीत दाबली. ट्यूबलाइट दोनदा फडफडली आणि लागली. कमलताईंनी कागद गोळा केले, रजिस्टर छातीशी धरलं आणि भिंतीचा आधार घेत उठल्या. गुडघे कालच्याइतकेच दुखत होते.